पहिल्या पसंतीचा आवाज

तीर्थरूप अक्कांना,

शिरसाष्टांग नमस्कार. नमस्कार दोन्ही पायांना आहे, पण डाव्या घोट्याला सूज असल्याचं कळल्यामुळे त्या पायाला जरा लांबूनच. शेक घेताय ना? गरम पाण्याची पिशवी आमच्याकडून गेली ती गळते म्हणून टाकून देऊ नका, तिचं बूच इकडेच राहिलंय, पाठवून देतो. साडूभाऊंच्या झोपेचं काय? (त्यांना झोप लागते की नाही हे विचारत नाही, ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ते झोपल्यावर तुम्हाला लागते का, एवढंच.) इकडे आम्हा सगळ्यांचं उत्तम चाललंय. सगळ्यांचं म्हणजे माझं आणि स्वयंपाकघरातल्या नळाचं. नळाला परवा पाझर फुटला. तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या रुसून गेलेल्या धाकटीला, अजून फुटल्याचं तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

तुमचं पत्र पोचलं. चारच ओळी, पण मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता पाठ आहेत. ती बरी आहे, जेवते, झोपते, माझा विषय काढत नाही, आणि टीव्हीवर परभाषेतून आणलेली मालिका लागली की उठून बंद करते. पुढे तुम्ही विचारलंत की असं गेल्या वर्षात गाजलं तरी काय, बघण्यासारख्या मालिका कुठल्या ते कळवा, ती भाजी आणायला गेली की बघून घेईन. अक्का, मला मालिकांविषयी विचारणं म्हणजे आचाऱ्याला जेवलास का विचारण्यासारखं आहे. दिवसभर त्यातच हात असतात, पण पोटात काही नाही. तरी तुम्ही मोठ्या, विचारलंत, तर सांगतो. वर्षाच्या शेवटी चॅनलने लोकांची मतं मागवली होती, त्यातून पसंतीच्या तीन मालिका निघाल्या. तिन्हींत मी आहे. डोळे फाडून बघितलंत तरी दिसणार नाही, पण आहे. आणि या तिघींनी मिळून माझ्या संसाराचं जे वाटोळं केलं तेही ओघाने येईलच, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या लग्नाची बोलणी चालू असताना तुम्ही 'मुलगा काय करतो' असं विचारलंत तेव्हा माझे काका म्हणाले होते, 'बोलतो.' त्यावर तुम्ही 'ते तर सगळेच करतात' म्हणालात आणि मंडळी हसली. तेव्हापासून माझ्या धंद्याकडे तुमच्या माहेरी कोणी गांभीर्याने पाहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. परक्या भाषेतला नट पडद्यावर ओठ हलवतो, आणि त्या ओठांत आपली भाषा घालणं हे माझं काम. ते जिथे करायचं ती खोली म्हणजे मोठंसं कपाट. भिंतींना रजया ठोकलेल्या. पंखा नाही, कारण पंखा आवाज करतो. खुर्ची नाही, कारण खुर्ची कुरकुरते. माणूस आहे, पण त्याने पोट गुरगुरू द्यायचं नाही. काचेपलीकडे आमच्या डबिंगच्या बाई बसतात आणि त्यांच्याशेजारी ध्वनिमुद्रण करणारा, ज्याला आम्ही सगळे 'पुन्हा' म्हणतो, कारण इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून दुसरा शब्द कोणी ऐकलेला नाही. त्या परक्यांच्या भाषेत साधं 'नाही' म्हणायला बराच वेळ लागतो. आपलं 'नाही' निम्म्यातच संपतं. मग उरलेले ओठ भरायचे कशाने? तर 'नाही, म्हणजे खरं तर, नाहीच' असं लांबवायचं. ही भर घालायची खोड घरी आली. चहा हवा का असं साधं विचारलं तरी मी 'हो, म्हणजे खरं तर, हवाच' असं उत्तर देतो, आणि तोवर चहा निवतो. धाकटी बोलत असते तेव्हा मी तिच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतो, आणि ओठ थांबले रे थांबले की माझं 'हं' येतं. ती म्हणायची, 'तुम्ही ऐकत नाही, नुसते माझं तोंड मिटायची वाट बघता.' काय सांगू, धंदाच तो आहे.

असो. तिसऱ्या पसंतीची मालिका म्हणजे म्हाताऱ्या मालकाची. (मालिकांची खरी नावं आमच्या घरात कोणी घेत नाही, ती सगळी एकसारखीच असतात.) एक जहाजवाला म्हातारा अंथरुणाला खिळलाय, त्याचे तीन मुलगे पलंगाभोवती उभे आहेत, आणि तो मृत्युपत्र सांगायला तोंड उघडतो की त्याला खोकला येतो. वर्षभर एवढंच. लोकांना फार आवडली. त्या म्हाताऱ्याचा खोकला मी. कोरडा, ओला, संशयाचा, थोरल्या मुलाला बघून येणारा, असे सगळे खोकले मी मनापासून दिले. परिणाम असा झाला की मला स्वतःला खोकला झाला तेव्हा घरात कोणी वळून बघेना. एकदा सकाळी पावाचा तुकडा घशात अडकला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली, मी टेबलावर हात आपटतोय, आणि आतून धाकटीचा आवाज, 'आज छान जमलाय हो!' खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने तर जिन्यातून दाद दिली. तुकडा आपला आपण खाली गेला म्हणून हे पत्र लिहायला मी उरलो. ही मालिका बघितली नाहीत तरी चालेल. म्हातारा शेवटी काहीच न सांगता मरतो.

दुसऱ्या पसंतीची मालिका दोन घरांच्या नवऱ्याची, आणि इथून माझं ग्रहण सुरू होतं. एका माणसाची दोन घरं. एक डोंगराकडे, एक बंदराकडे. दोन्हीकडे बायको, दोन्हीकडे पोरं, दोन्हीकडे तो थकूनभागून येतो आणि 'आज कामाचं फार होतं गं' म्हणून बूट काढतो. या माणसाच्या आवाजासाठी बाईंनी बऱ्याच जणांना बोलावलं होतं. कोणी घोगरा लावला, कोणी गुळचट. माझी पाळी आली तेव्हा बाई म्हणाल्या, 'तू काही करू नकोस. घरी बायकोशी बोलतोस तसा बोल.' मी बोललो. बाई म्हणाल्या, 'बास. इतकं सहज खोटं बोलणारा आवाज मला शोधून सापडला नसता.' अक्का, मी आजवर धाकटीशी एका नारळाच्या किमतीपलीकडे खोटं बोललेलो नाही हे तुम्ही जाणता. पण माझा रोजचा, धुतल्या तांदळासारखा आवाज त्या दिवसापासून त्या लबाडाच्या नावावर चढला. आपलंच घर भाड्याने दिलं आणि आपणच रस्त्यावर आलो अशी गत.

लोकांनी माझी जी दशा केली ती ऐका. खालच्या शिंप्याची बायको मला 'भाऊजी' म्हणायची, ती 'काय ते' म्हणू लागली. माझी विजार आखूड करायला दिली होती, ती तिने एकाच पायाला आखूड केली. विचारायला गेलो तर म्हणाली, 'दोन घरी जायचं ना, एका घरी एक पाय दाखवा, दुसऱ्या घरी दुसरा.' मी म्हटलं, 'वहिनी, तो मी नाही, तो पडद्यावरचा.' तर नवऱ्याकडे वळून म्हणाली, 'बघा, अगदी अस्सं बोलतो तो!' आणि घरी तर याहून कठीण. लग्न झाल्यापासून मी 'आज उशीर होईल, काम आहे' असं सांगून जातो आणि ती 'बरं' म्हणते. आता तेच वाक्य म्हटलं की ती हातातलं काम थांबवायची आणि माझ्याकडे बघत राहायची. संशय होता असं नाही म्हणत मी. (माझ्यावर कोण भाळणार, असं ती स्वतःच शिंपीणबाईला सांगत होती, तेही जिन्यात, ऐकू येईल असं.) पण कान विटले की मनाचा इलाज चालत नाही. एकदा मी साक्षीला पुन्हाला घरी घेऊन आलो. तिने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, 'हे काल खरंच तुमच्याबरोबर होते का?' पुन्हा सवयीने म्हणाला, 'पुन्हा.' तिने बिचारीने प्रश्न पुन्हा विचारला. तो पुन्हा तेच म्हणाला. शेवटी तिने त्याला जेवू घालून पाठवलं, आणि मला माझं ताट वाढून घ्यायला सांगितलं.

आता पहिल्या पसंतीची. ही तुम्ही बघाच, पण मी सांगतोय त्यानंतर बघा. डॉक्टरांची मालिका. मोठ्या शहरातून एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लहानशा दवाखान्यात येतात. फार बोलत नाहीत. रोग्याच्या खाटेशी स्टूल ओढतात, बसतात, थोडा वेळ नुसते बघतात आणि म्हणतात, 'मी आहे.' संपलं. रोगी रडतो, नातेवाईक रडतात, घरोघर लोक रडतात. औषधाची गरजच पडत नाही निम्म्या लोकांना. या डॉक्टरांचाही आवाज मीच. बाईंनी नाइलाजाने दिला होता मला, ज्याला ठरवलं होतं त्या मुलाचा घसा बसला म्हणून, आणि 'तुझ्याच्याने व्हायचं नाही, पण वेळ मारून ने' असं म्हणून. तो आवाज कसा काढतात म्हणाल तर कमरेचा पट्टा दोन भोकं सैल करायचा, माईकच्या अगदी जवळ जायचं, आणि छातीच्या खालच्या फासळीतून बोलायचं. माझ्या नेहमीच्या आवाजाशी त्याचं दूरचंही नातं नाही. कोणी ओळखलं नाही. धाकटीनेही नाही.

तुम्ही विचाराल, तिला सांगितलं का नाही? सांगणार होतो हो. पहिल्या दिवशी ती मालिका लागली तेव्हा मी हातातला पेपर खाली ठेवून तयारच बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, 'मी आहे.' धाकटी हनुवटीखाली हात घेऊन बघत होती, तिने हळूच मान हलवली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'बघा, याला बोलणं म्हणतात. तुम्हाला जन्मात जमायचं नाही.' मला इतकी गुदगुली झाली की म्हटलं, राहू दे, आणखी थोडं ऐकू. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'आवाजात नुसती माया आहे.' तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'असा माणूस घरात असेल तर बाईला दुसरं काय लागतं?' इथे माझी गुदगुली थांबली. त्यानंतर काय झालं ते सांगायची लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं. मला त्या डॉक्टरांचा मत्सर वाटायला लागला. दिवसा मी त्यांना आवाज द्यायचा आणि संध्याकाळी घरी बसून त्यांची निंदा करायची. म्हणायचो, एवढा चांगला डॉक्टर आहे तर रोगी का मरतात? म्हणायचो, स्टूल नीट ठेवत नाही, कोणीतरी अडखळून पडेल. ती म्हणायची, 'जळता तुम्ही.' खरंच जळत होतो. स्वतःवरच जळणारा नवरा तुमच्या नात्यात दुसरा नसेल. आणि जितकं लांबत गेलं तितकं सांगणं अवघड होत गेलं. आता सांगितलं तर ती म्हणणार, मग इतके दिवस काय माझी मजा बघत होतात?

वर्षअखेरीला चॅनलने पसंतीच्या मालिकांचा मोठा कार्यक्रम ठेवला, आणि त्यात पहिल्यांदाच पडद्यामागचे आवाज दाखवायचं ठरवलं. आमच्या कपाटात दिवे लावून माझं चित्रण करून गेले. मी घरी चकार शब्द बोललो नाही. म्हटलं, एकदम दिसू दे. कार्यक्रमाच्या संध्याकाळी शिंपी आणि शिंपीणबाईही वर आले होते, त्यांच्या टीव्हीला पट्टे येतात. मी माझी खुर्ची मुद्दाम तिरकी ठेवली, टीव्हीऐवजी धाकटीचं तोंड दिसेल अशी. म्हटलं, हे तोंड आज बघण्यासारखं होणार. तिसरी मालिका झाली, दुसरी झाली, (दुसरीला शिंपीणबाईने माझ्याकडे पाठ केली) आणि पहिली आली. डॉक्टर दिसले, आणि डॉक्टरांच्या जागी मी दिसलो, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, माईकच्या जवळ तोंड नेऊन म्हणतोय, 'मी आहे.' शिंप्याने टाळ्या वाजवल्या. शिंपीणबाईने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा 'भाऊजी' म्हणाली. मी धाकटीकडे बघितलं. अक्का, ते तोंड मला बघवलं नाही. ती उठली, टीव्ही बंद केला, आणि शिंपीणबाईला 'चहा टाकते' म्हणून आत गेली.

मंडळी गेल्यावर मी आत गेलो. ती कपबशा विसळत होती. मागे न बघता म्हणाली, 'म्हणजे होता तुमच्याकडे.'

'काय?'

'असा आवाज. इतकी वर्षं होता. घरी कधी आणला नाहीत.'

मी म्हटलं, 'अगं, तो डॉक्टर जे बोलतो ते त्याला कोणीतरी लिहून देतं. मला कोण लिहून देणार?'

तेव्हा ती वळली. म्हणाली, 'माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं, मी शुद्धीवर आले, तेव्हा तुम्ही खाटेशी उभे होतात. काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, दवाखान्याच्या जिन्यात दिवा नाही. मी इतके दिवस समजत होते की यांच्याकडे नाहीच तर देतील कुठून. गरीब आहे बिचारा या बाबतीत, असं म्हणून मी संसार केला. आणि तुमच्याकडे कोठार भरलेलं. रोज जाऊन परक्या रोग्यांना वाटून येता. दोन शब्द आहेत हो ते. मी आहे. तेवढेही पाठ होईनात घरासाठी?'

यावर मी काय म्हणालो असेन असं तुम्हाला वाटतं? मी म्हणालो, 'हं.' कारण तिचे ओठ थांबले होते. सकाळी ती बॅग भरून तुमच्याकडे निघाली.

फोनचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही पलीकडच्या खोलीत होतात, म्हणून माझी बाजू सांगतो. पहिला फोन केला तो माझ्या नेहमीच्या आवाजात. म्हटलं, चुकलं माझं, घर खायला उठतं, ये परत. ती शांतपणे म्हणाली, 'हे तो बंदराकडच्या बायकोला म्हणाला होता. शब्दन्‌शब्द.' आणि ठेवला. मी आठवून बघितलं तर खरंच की! म्हणजे माझं मन मोकळं करायला गेलो तरी आतून लेखकाचंच वाक्य बाहेर आलं. दुसरा फोन डॉक्टरांच्या आवाजात. पट्टा सैल केला, फोनच्या जवळ गेलो, म्हटलं, 'मी आहे.' मला वाटलं, विरघळली. मग म्हणाली, 'डॉक्टर, इथे कोणी आजारी नाही.' तिसऱ्या वेळी काय बोलायचं ते ठरतच नव्हतं, ती 'हॅलो, हॅलो' करतेय, मी घसा साफ करायला गेलो, आणि आला तो म्हाताऱ्याचा खोकला. ती म्हणाली, 'मृत्युपत्र झालं की कळवा.' त्यानंतर मी फोन केलेला नाही.

मग माझ्या डोक्यात आलं की या तिघांना वगळून जो आवाज उरतो तो माझा, तो शोधला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत बाई बाहेर गेल्यावर मी पुन्हाला म्हटलं, एक काम कर, माझं स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून दे. कपाटात शिरलो. समोरचा पडदा काळा. ओठ नाहीत, चेहरा नाही. मी तोंड उघडलं आणि, 'मी, म्हणजे खरं तर, मी असं म्हणतो की' असं काहीतरी झालं. पुन्हा म्हणाला, 'पुन्हा.' दुसऱ्यांदा बोललो. 'पुन्हा.' तिसऱ्यांदा बोलल्यावर त्याने कानावरचे हेडफोन काढले, काचेवर टकटक केलं आणि जन्मात पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलला. म्हणाला, 'हे पात्र कोण आहे? वय कळत नाही, स्वभाव कळत नाही, याला हवंय काय तेही कळत नाही.' मी कपाटातून बाहेर आलो आणि डबा न खाता परत घरी घेऊन गेलो.

घरी म्हणाल तर टीव्ही बंदच आहे. लावला तर मीच बोलतो, आणि मला माझं ऐकवत नाही. तिच्या खुर्चीवर मी बसत नाही. पातेलं दोनदा जळलं. शिंपीणबाई आता डॉक्टरांसाठी म्हणून काहीबाही आणून देते, आणि मी दार उघडलं की एकदा 'मी आहे' म्हणा असा हट्ट धरते. म्हणतो, आणि डबा आत घेतो. पोटासाठी माणूस काय काय करतो. मात्र दार लावलं की घरात मी एक शब्द बोलत नाही. कोणाशी बोलू? बोलण्यावर ज्याचं पोट आहे त्याला घरात आवाज नसावा, हा न्याय कुठला, हे तुम्हीच सांगा. मला तिच्यावाचून करमत नाही अक्का. हे वाक्य कुठल्या मालिकेत आहे का ते मी तपासलेलं नाही.

तर गेल्या वर्षातल्या आवडत्या मालिका या अशा आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल अशी आशा करतो. घोट्याला जपा. साडूभाऊंना नमस्कार, जागे असतील तेव्हा.

तुमचा,
धाकटीचा नवरा (तूर्तास तरी)

ता. क. आता खरं काम सांगतो, ज्यासाठी एवढा कागद खर्ची घातला. हे पत्र तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवाल का? तुमच्या आवाजात. इतकी वर्षं तुम्ही दवाखान्याच्या खिडकीत बसून नंबर पुकारलेत. तुमचा आवाज ऐकून कोणाला कधी हसू आलं नाही की रडू आलं नाही, आणि ही बाई नाटक करतेय असंही कोणाला वाटलं नाही. 'पुढचा' म्हणालात की माणूस उठून यायचा. मला तसाच आवाज हवाय. जन्मभर मी लोकांच्या तोंडी आवाज घातला, एकदा माझ्या तोंडी तुम्ही तुमचा घाला. सूचना थोड्या आहेत. नळाचा पाझर गाळा. कंसातलं काहीही वाचू नका, विशेषतः साडूभाऊ आसपास असतील तर. 'काय सांगू' येतं तिथे श्वास घ्या. ती उठून जाऊ लागली तर मधली मालिका सोडून ऑपरेशनवर या. आणि मध्येच 'हं' म्हणू नका, कृपा करा.

दुसरा ता. क. तिला हेही सांगा की डॉक्टरांच्या मालिकेचा पुढचा भाग येतोय आणि मी तो करणार नाही. तिच्यासाठी डॉक्टरांना सोडलं. हे सावकाश वाचा. (हे अजिबात वाचू नका: पुढच्या भागात डॉक्टरांना अपघात होतो आणि ते बेशुद्ध पडून राहतात. नुसता श्वास द्यायचा आहे, तो कोणीही देतो, असं म्हणून बाईंनी मला आधीच नको म्हटलंय.)

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. पट्टा सैल करायचं जे वर लिहिलंय ते खोटं आहे. पट्ट्याने काही होत नाही, विजार तेवढी घसरते. डॉक्टरांचं पहिलं 'मी आहे' घ्यायच्या दिवशी मला ते खरंच जमत नव्हतं. किती वेळा केलं, बाई वैतागल्या. शेवटी मी पडद्याकडे बघणं सोडलं, डोळे मिटले, आणि धाकटी त्या खाटेवर पडलेली डोळ्यांसमोर आणली, ऑपरेशननंतरची, ओठ सुकलेले, माझ्याकडे बघतेय. त्या दिवशी मी तिथे जे बोललो नव्हतो ते बोललो. काचेपलीकडून 'पुन्हा' आलं नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी मी तेच केलं. मालिकेत जितके रोगी आले तितक्यांदा मी तिच्याच खाटेशी गेलो. तो आवाज मी घरी आणला नाही असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. पण नेला होता तो घरूनच. एवढा ता. क. मात्र तुम्ही वाचू नका अक्का. हे पान फाडून तिच्या हातात द्या आणि तुम्ही आत जा. तिचं तिला वाचू दे. ते कुठल्या आवाजात ऐकू येतं, ते तिने ठरवावं.